पानामागची अक्षरे : लिनक्सवर दस्तऐवज उघडताना

‘दस्तऐवज उघडणे’ हा शब्दप्रयोग मराठीत संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे आणि त्यात दोन क्रिया एकत्र आलेल्या आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमालाची गाठ सोडली की कागद हाती येतो, परंतु तो मोडी लिपीत लिहिलेला असल्यामुळे, मोडी न शिकलेल्या माणसापुढे तो उलगडून ठेवला तरी बंदच राहतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतून आणि व्यवहारातून मागे पडली, कागद मात्र जागच्या जागी राहिले, आणि त्यांच्यातला मजकूर आता मोडी वाचू शकणाऱ्या मोजक्या अभ्यासकांवर अवलंबून आहे. संगणकावरच्या फाइलीचीही स्थिती याच जातीची आहे. फाइल म्हणजे अंकांची एक लांबलचक रांग असते. ती कोणत्या रीतीने वाचायची हे ठाऊक असलेली प्रणाली संगणकावर असेल तरच त्या अंकांचे पान होते, आणि ती रीत फक्त एकाच कंपनीला ठाऊक असेल तर तो दस्तऐवज कायद्याने कोणाच्याही मालकीचा असला तरी त्याची गाठ त्या कंपनीच्या हाती राहते.

मुक्तस्रोत कार्यप्रणालीवर दस्तऐवज कसे उघडतात व कसे दिसतात, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामध्ये उभी असलेली व्यवस्था. तिची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मजकूर, कोणालाही वाचता, बदलता आणि बदललेल्या रूपात वाटता येईल अशा परवान्याने दिलेली असते तेव्हा तिला मुक्तस्रोत म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला जीएनयू प्रकल्प आणि लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे विद्यार्थिदशेत लिहायला घेतलेला लिनक्स हा गाभा, या दोहोंच्या संयोगातून डेबियन, फेडोरा, उबुंटू अशा आज प्रचलित असलेल्या आवृत्त्या निघाल्या. भारतात सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्सची आवृत्ती भारतीय भाषा नजरेसमोर ठेवून तयार केली, केरळमधील सरकारी शाळांत संगणकशिक्षण लिनक्सवरच चालते, आणि केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत प्रणालींच्या स्वीकाराचे धोरण प्रसिद्ध केले. तरीही ‘लिनक्सवर आपल्या फाइली उघडतील का?’ हा प्रश्न कार्यालयात, महाविद्यालयात आणि घरी आजही सर्वांत आधी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर केवळ ‘हो’ असे देऊन भागत नाही, कारण मराठी मजकुराच्या बाबतीत फाइल उघडणे, पान दिसणे आणि अक्षरे हाती लागणे या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि तिसऱ्या पायरीवर होणारी फसगत पहिल्या दोन पायऱ्या सुरळीत पार पडल्यामुळे सहसा ध्यानातच येत नाही.

पहिली पायरी ओळख पटवण्याची. फाइलीच्या नावाला जोडलेल्या शेपटावरून, म्हणजे टिंबानंतरच्या दोन-चार अक्षरांवरून, तिचा प्रकार ठरतो असा सार्वत्रिक समज आहे. पण शेपूट हे केवळ नाव आहे आणि नाव कोणालाही बदलता येते. युनिक्स परंपरेत ‘फाइल’ नावाचीच एक आज्ञा १९७० च्या दशकापासून आहे, आणि ती फाइलीच्या पोटात डोकावून पाहते. पीडीएफ फाइलीचा आरंभ टक्क्याचे चिन्ह आणि त्याला लागून ‘पीडीएफ’ ही तीन रोमन अक्षरे यांनी होतो. लिब्रेऑफिसची किंवा वर्डची आजची फाइल ही मुळात झिप पद्धतीने बांधलेले गाठोडे असल्यामुळे तिच्या आरंभी ‘पीके’ ही अक्षरे दिसतात, आणि ती झिप पद्धत तयार करणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे आहेत. अशा आरंभखुणांना संगणकाच्या परिभाषेत ‘मॅजिक नंबर’ म्हणतात. आजच्या लिनक्स डेस्कटॉपवर फाइलीच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली असता शेपूट आणि आरंभखूण या दोन्हींचा मेळ घालून तिचा ‘माइम प्रकार’ ठरवला जातो. माइम ही मुळात ईमेलसोबतच्या जोडपत्रांचे प्रकार सांगण्यासाठी १९९२ मध्ये सुचवलेली पद्धत होती, ती पुढे सर्वत्र रूढ झाली. त्या प्रकारासाठी कोणती प्रणाली नेमलेली आहे याची नोंद एका साध्या, वाचता येण्याजोग्या मजकूरफाइलीत असते, आणि ती नोंद वापरणाऱ्याला हवी तशी बदलता येते. चुकीच्या नावाने आलेली, किंवा नावाला शेपूटच नसलेली फाइल लिनक्सवर पुष्कळदा सहज उघडते, ती यामुळे.

दस्तऐवजांच्या देवाणघेवाणीत आज पीडीएफचे स्थान सर्वांत मोठे असल्यामुळे त्याची घडण थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या अडोबी कंपनीने प्रथम पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा आणली. ती छपाईयंत्रासाठी लिहिलेली, पण पूर्ण ताकदीची संगणकभाषा होती. तिच्यातील मोकळेपणा कमी करून आणि प्रत्येक पान स्वतंत्रपणे काढता येईल अशी रचना करून १९९३ मध्ये पीडीएफ प्रसिद्ध झाले. त्याचे तपशीलवार वर्णन कंपनीने आरंभापासून छापून उपलब्ध केले होते, आणि २००८ मध्ये ते आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे ३२००० क्रमांकाचे मानक झाले. वर्णन प्रसिद्ध असल्यामुळेच इतरांना स्वतःची वाचनप्रणाली लिहिता आली. पोस्टस्क्रिप्टसाठी एल. पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये गोस्टस्क्रिप्ट तयार केले. पीडीएफसाठी डेरेक नूनबर्ग यांनी १९९५ मध्ये एक्सपीडीएफ लिहिले. पुढे अनेक व्ह्यूअरांनी, म्हणजे फाइल पडद्यावर दाखवणाऱ्या प्रणालींनी, एक्सपीडीएफची संहिता आपापल्या पोटात उतरवून घेतली, त्यामुळे मुळात सुरक्षेची एक चूक सापडली की ती प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे दुरुस्त करावी लागे. ही अडचण ओळखून २००५ मध्ये क्रिस्टियन ह्योग्सबेर्ग यांनी त्या संहितेतून पॉपलर हे सामायिक ग्रंथालय वेगळे काढले. ग्रंथालय म्हणजे अनेक प्रणालींना एकाच वेळी वापरता येईल असा संहितेचा साठा. ग्नोम डेस्कटॉपवरचा एव्हिन्स, त्याच्यापासून अलीकडे फुटून निघालेला पेपर्स, केडीई डेस्कटॉपवरचा ऑक्युलर हे सारे व्ह्यूअर पीडीएफचे पान रंगवण्याचे काम पॉपलरकडे सोपवतात, आणि तेथे झालेली एक दुरुस्ती सगळ्यांना मिळते. म्युपीडीएफ हे वेगळ्या घराण्याचे, आटोपशीर आणि अतिशय चपळ इंजिन आहे; जुन्या, कमी स्मृतीच्या संगणकावर त्याचा उपयोग विशेष होतो. ऑक्युलरविषयी एक गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे, ती अशी की २०२२ मध्ये जर्मनीचे ‘ब्लू एंजल’ हे पर्यावरणचिन्ह मिळालेली ती पहिली संगणकप्रणाली ठरली. वीज कमी खाणारी आणि जुन्या यंत्रावरही चालणारी प्रणाली यंत्राचे आयुष्य वाढवते, असा विचार त्यामागे आहे, आणि जेथे एकच संगणक दहा वर्षे पुरवायचा असतो अशा वाचनालयांना व शाळांना तो सहज पटेल.

पीडीएफ फाइल शेवटाकडून वाचली जाते. तिच्या अखेरीस एक आकडा असतो. तो फाइलीतील एका तक्त्याची जागा दाखवतो, आणि त्या तक्त्यात प्रत्येक पान, चित्र, फॉन्ट कितव्या बाइटपासून सुरू होतो याची नोंद असते. हजार पानांच्या ग्रंथाचे सातशेवे पान क्षणात उघडते ते या रचनेमुळे, आणि डाउनलोड अर्धवट राहिलेली पीडीएफ उघडत नाही तीही याच रचनेमुळे, कारण तुटलेला भाग नेमका शेवटचा असतो. मुक्तस्रोत व्ह्यूअर अशा वेळी साऱ्या फाइलीत फिरून तो तक्ता पुन्हा जुळवण्याचा प्रयत्न करतात आणि बऱ्याचदा यशस्वीही होतात. परंतु पानाच्या आत गेले की एक मूलभूत गोष्ट स्पष्ट होते : तेथे परिच्छेद नसतात, ओळी नसतात, आणि काटेकोरपणे पाहता शब्दही नसतात. अमुक फॉन्टमधील तमुक क्रमांकाची आकृती पानाच्या डाव्या कडेपासून इतक्या अंतरावर, तळापासून इतक्या उंचीवर उमटवावी, अशा सूचनांची ती माळ असते. पीडीएफ हे पानाचे चित्र काढण्याचे टिपण आहे, आणि मराठी मजकुराचे बहुतेक दुखणे या एका वाक्यातून उलगडत जाते.

रोमन लिपीत अक्षर आणि आकृती यांचे नाते बहुतांशी एकास एक असते. देवनागरीत तसे नाही. ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी उच्चारात ‘क’च्या नंतर येते आणि युनिकोडमध्येही ती ‘क’च्या नंतरच साठवली जाते, युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक देणारे मानक, ज्यात देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण कागदावर ती वेलांटी ‘क’च्या आधी उमटते. ‘अर्ज’ या शब्दात ‘र’ हा ‘ज’च्या आधी उच्चारला जातो, आणि त्याचा रफार मात्र ‘ज’च्या डोक्यावर बसतो. साठवणीच्या क्रमातून पानावरची मांडणी करण्याचे हे काम शेपिंग इंजिन, म्हणजे अक्षरे घडवणारी प्रणाली, करते. लिनक्सवर हे काम हार्फबझ करते. बेहदाद एस्फाहबोद यांनी घडवलेल्या या प्रणालीचे नाव फारसी असून त्याचा अर्थ ‘उघडे अक्षर’ असा होतो. आज हेच इंजिन अँड्रॉइड फोनमध्ये आणि प्रमुख ब्राउझरांमध्येही आहे, तेव्हा लिनक्सचे नावही न ऐकलेला मराठी माणूस आपल्या फोनवर जोडाक्षर नीट जुळलेले पाहतो ते बहुधा याच मुक्तस्रोत कामाच्या जोरावर.

आता या घडवलेल्या आकृती पीडीएफमध्ये जातात तेव्हा त्या दिसण्याच्या क्रमाने जातात. कोणती आकृती कोणत्या युनिकोड अक्षरासाठी आहे हे सांगणारा तक्ता फाइलीत असला, तरी व्ह्यूअर दिसण्याच्या क्रमाने आकृती उचलत जातो आणि त्या क्रमानेच अक्षरे ठेवत जातो. अशा पानावरून ‘किती’ हा शब्द नक्कल करून दुसरीकडे चिकटवला की ‘िकती’ उमटते, आणि ती पहिली वेलांटी आधाराला अक्षर न मिळाल्यामुळे ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेली दिसते. ‘अर्ज’ चिकटवला की ‘अजर्’ हाती येते. पान पडद्यावर निर्दोष असते, छापूनही निर्दोष येते, आणि म्हणून ज्याने ते तयार केले त्याला त्यात काही बिघडले आहे अशी शंकाही येत नाही. परंतु शोधाच्या चौकटीत ‘अर्ज’ असे लिहून पाहिले तर तो शब्द या दस्तऐवजात नाही असे उत्तर मिळते. दोनशे पानांच्या अहवालात एक नाव शोधणारा संशोधक ते तेथे नाही असे समजून पुढे जातो. आणि सर्वांत मोठी हानी दृष्टिहीन वाचकाची होते : लिनक्सवरील ऑर्का ही पडदा वाचून दाखवणारी प्रणाली पानाचे रूप पाहत नाही, मागची अक्षरे घेऊन ती आवाज देणाऱ्या इंजिनाकडे पाठवते, आणि अशा फाइलीतून त्या वाचकाच्या कानी पडते ती मराठीची मोडतोड. पीडीएफच्या मानकातच यावर उपाय आहे. आकृतींच्या प्रत्येक गटाला त्याचा खरा मजकूर जोडून ठेवण्याची सोय त्यात दिलेली आहे; ती वापरणे न वापरणे फाइल तयार करणाऱ्याच्या हाती असते, पाहणाऱ्याच्या नाही.

या दोषाचे निदान करण्याचे साधन मात्र पाहणाऱ्याच्या हाती आहे, आणि मुक्तस्रोत कार्यप्रणालीचा उपयोग येथे ठसठशीत दिसतो. पॉपलरसोबत ‘पीडीएफफॉन्ट्स’ नावाची एक छोटी आज्ञा येते. तिला फाइलीचे नाव दिले की दस्तऐवजातील प्रत्येक फॉन्टसाठी एक ओळ छापली जाते, आणि त्या ओळीत तीन रकाने महत्त्वाचे असतात : फॉन्ट फाइलीतच गुंफलेला आहे का, तो पूर्ण आहे की लागणाऱ्या आकृतींपुरता कापलेला आहे, आणि त्याला युनिकोडचा तक्ता जोडलेला आहे का. पहिल्या रकान्यात नकार असेल तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर पान वेगळे दिसण्याची शक्यता असते. तिसऱ्यात नकार असेल तर पान कितीही देखणे असले तरी त्यातील मराठी शोधता येणार नाही. त्याच संचातील ‘पीडीएफटूटेक्स्ट’ ही आज्ञा पानामागचा मजकूर साध्या फाइलीत काढून देते आणि मग किती अक्षरे शाबूत आहेत हे डोळ्यांनी पडताळता येते. कोणताही दस्तऐवज प्रसिद्ध करण्यापूर्वी एवढी दोन मिनिटांची तपासणी व्हावी, असा आग्रह या पुस्तकात वारंवार धरलेला आढळेल.

तिसऱ्या रकान्यातील नकारामागे बहुतेक वेळा एक जुना इतिहास असतो. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी छपाईचे आणि कार्यालयांचे काम पुण्यातच घडलेल्या प्रणालींवर चालत असे. सी-डॅकची आयएसएम आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी ही त्यांतील सर्वपरिचित नावे. त्या काळी देवनागरीसाठी इस्की हे भारतीय मानक अस्तित्वात होते, पण प्रत्यक्ष फॉन्टमध्ये काना, वेलांटी, अर्धी अक्षरे यांच्या आकृती रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या घरांत बसवलेल्या असत, आणि कोणती आकृती कोणत्या घरात हे प्रत्येक फॉन्टकुळाचे वेगळे असे. त्या साधनांनी मराठी प्रकाशनाला संगणकयुगात आणले हे निःसंशय, आणि त्या काळाच्या मर्यादेत ते मोठेच काम होते. पण त्या पद्धतीने लिहिलेली फाइल ज्या संगणकावर तोच फॉन्ट नाही तेथे उघडली की पडद्यावर स्वरचिन्हे लागलेल्या युरोपीय अक्षरांची निरर्थक रांग उभी राहते. फाइल बिघडलेली नसते. रुमाल सुटलेला असतो आणि लिपी ओळखणारा तेथे नसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी त्या त्या फॉन्टकुळाचा तक्ता वापरणारे परिवर्तक लागतात, आणि त्यांनी काढलेल्या मजकुरावर मुद्रितशोधकाची नजर फिरावीच लागते, विशेषतः रफार आणि पहिली वेलांटी यांच्या जागांवर.

युनिकोड आल्यावरही मराठीचे म्हणून काही प्रश्न उरले. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन निराळे शब्द आहेत, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ही निराळे; त्यांतला फरक ज्या अर्ध्या, आडव्या ‘र’ने होतो तो युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह लावून. दोन्ही पडद्यावर तंतोतंत सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत, त्यामुळे एका रीतीने लिहिलेला ‘वाऱ्यावर’ दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडत नाही. तीच गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ यांच्या वळणाची : हिंदीत रूढ असलेली रूपे आणि मराठी वळणाची रूपे वेगळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ मधील लिपीविषयक निर्णयात मराठी वळणेच प्रमाण मानली. लिनक्सवर सहज मिळणारा लोहित देवनागरी हा फॉन्ट, जो रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याने दिला आणि ज्याच्या नावाचा अर्थच तांबडा असा आहे, त्याच्यासारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे एकत्र ठेवता येतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे दस्तऐवजात नोंदवलेले असले की मराठी वळण आपोआप निवडले जाते. भाषेची ती नोंद करण्याचा कंटाळा केला की मराठी मजकूर परक्या वळणात उमटतो. लिब्रेऑफिसमध्ये ही नोंद करायला एक टिचकी पुरते.

फॉन्टचाच प्रश्न संपादनयोग्य दस्तऐवजांना, म्हणजे वर्ड किंवा लिब्रेऑफिस रायटरच्या फाइलींना, आणखी तीव्रतेने भेडसावतो, कारण त्यांत फॉन्ट सहसा गुंफलेला नसतो, त्याचे नाव तेवढे असते. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर लिनक्सवरील फॉन्टकॉन्फिग ही व्यवस्था त्याला जवळचा पर्याय शोधते. पर्यायी फॉन्टची अक्षरे केसभर जरी रुंद असली तरी ओळी सरकतात, तक्ते पुढच्या पानावर जातात, आणि ‘लिनक्सवर फाइल बिघडते’ असा बोल लागतो. २००७ मध्ये आलेले लिबरेशन फॉन्ट आणि नंतरचे कार्लिटो व कॅलाडिया हे नेमक्या या कारणासाठी प्रचलित व्यापारी फॉन्टांच्या रुंदीशी बरहुकूम जुळवून काढलेले आहेत; रोमन मजकुराची मांडणी त्यांनी सांभाळली जाते, देवनागरीसाठी मात्र असा बरहुकूम जोडीदार क्वचितच मिळतो. फाइलींच्या रचनेच्या बाजूने पाहता ओडीएफ हे खुले मानक २००६ पासून आयएसओमान्य आहे. वर्डच्या आजच्या रचनेलाही २००८ मध्ये आयएसओची मान्यता मिळाली, जरी त्या मतदानात भारताने विरोधात मत नोंदवले होते. मसुदा चालू असेपर्यंत ओडीएफ आणि पक्का झाल्यावर फॉन्ट गुंफलेली पीडीएफ, दीर्घकाळ जपायची असल्यास पीडीएफ-ए हा तिचा काटेकोर उपप्रकार, हा क्रम व्यवहारात सर्वांत कमी त्रासाचा ठरतो.

सरकारी दस्तऐवजांमध्ये दोन अडचणी विशेष भेटतात. काही भरायचे फॉर्म ‘एक्सएफए’ या रचनेत केलेले असतात, जिला पीडीएफच्या २०१७ च्या मानकाने बाद ठरवले आहे. ते पॉपलरवर आधारलेल्या व्ह्यूअरमध्ये उघडले की फॉर्मऐवजी ‘कृपया थांबा’ अशा आशयाचे एकच पान दिसते, आणि कितीही थांबले तरी ते बदलत नाही. अडोबीने लिनक्ससाठीचा आपला रीडर २०१३ नंतर पुढे नेला नाही, त्यामुळे येथे वापरणाऱ्याचा दोष नसताना त्याची वाट अडते. नागरिकाने भरायचा फॉर्म कोणत्याही एका कंपनीच्या प्रणालीवाचून भरता येऊ नये हे गैर आहे, आणि ते तसे स्पष्ट म्हणायला हवे. दुसरी अडचण डिजिटल सहीची. डिजिटल सहीचा सातबारा उघडला की सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि शेतकऱ्याला कागद खोटा असल्याची धास्ती वाटते. अनेक फाइलींत ते प्रश्नचिन्ह म्हणजे सहीच्या जागी काढून ठेवलेले चित्र असते, पडताळणीचा निकाल नव्हे. खरी पडताळणी ऑक्युलरच्या सह्यांच्या पट्टीत किंवा ‘पीडीएफसिग’ या आज्ञेने होते : सही झाल्यानंतर मजकुरात बदल झालेला नाही, हे तेथे एका ओळीत कळते. सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा का हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खालील प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र संगणकावरील विश्वासयादीत एकदा घालावे लागते.

शेवटी स्कॅन केलेल्या पानांचा प्रांत राहतो, आणि मराठीच्या दृष्टीने तो अफाट आहे, कारण एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातले बहुतेक मराठी ग्रंथ संगणकावर आले ते छायाचित्रांच्या रूपानेच. ए-फोर आकाराचे एक पान इंचाला ३०० बिंदूंच्या घनतेने रंगीत स्कॅन केले तर त्यात २४८० गुणिले ३५०८ बिंदू येतात आणि दाबून लहान न करता ते सुमारे २६ मेगाबाइट जागा घेते. तीनशे पानांच्या पुस्तकाला या हिशेबाने सात गिगाबाइटहून अधिक जागा लागेल. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात यान लकुन, लिऑन बोटू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत देज्याव्यू ही रचना याचसाठी तयार केली : कागदाची पार्श्वभूमी आणि शाईची अक्षरे यांचे थर वेगळे करायचे, सारखी दिसणारी अक्षरे एकदाच साठवायची, आणि पान शंभर किलोबाइटच्या आसपास आणायचे. एव्हिन्स आणि ऑक्युलर दोन्ही या फाइली उघडतात. मात्र सारख्या आकृती एक मानण्याच्या या युक्तीत धोका आहे. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की याच तत्त्वावरची जेबिग-टू ही पद्धत ढिलाईने वापरणारी स्कॅनयंत्रे कागदावरचे आकडे बदलत होती, सहाच्या जागी आठ उमटत होता, आणि पान पाहून कोणाला संशय येत नव्हता. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात शिरोरेषेच्या एका तुटीचा फरक असतो. जुन्या, शाई पसरलेल्या छपाईचे पान अशा पद्धतीने दाबायचे झाल्यास ते अक्षरांची हानी न करणाऱ्या पर्यायानेच दाबावे, आणि मूळ स्कॅन फेकून देऊ नये.

अशा छायाचित्रांमागे अक्षरे उभी करण्याचे काम टेसरॅक्ट करते. ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात सुरू झालेली ही अक्षरओळख-प्रणाली २००५ मध्ये मुक्त झाली, २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत तिने मज्जाजालावर आधारलेली पद्धत स्वीकारली, आणि तिच्यासाठी मराठीचे प्रशिक्षित भाषासंच उपलब्ध आहेत. ‘ओसीआरमायपीडीएफ’ ही प्रणाली टेसरॅक्टकडून ओळखून घेतलेला मजकूर स्कॅनच्या मागे अदृश्य थर म्हणून बसवते : वर जुन्या छापखान्याचे पान जसेच्या तसे राहते, त्यामागे, प्रत्येक शब्दाच्या नेमक्या जागी, युनिकोडमधली मराठी येते. ओळख सर्वत्र अचूक नसते. जोडाक्षरे, फिकट रफार, पानाच्या वळलेल्या कडेवरचे शब्द चुकतात, आणि तपासणारा माणूस लागतोच. पुस्तकाची शेवटची चार प्रकरणे या कामाला दिलेली आहेत. पान सरळ करणे, ओळख करून घेणे, चुका दुरुस्त करणे आणि थर पुन्हा बसवणे हा क्रम त्यांत एका जुन्या मराठी पुस्तकाच्या पानांवर आरंभापासून अखेरपर्यंत करून दाखवला आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर वापरलेली आज्ञा तिच्या पर्यायांसह दिली आहे, म्हणजे वाचनालयातला एखादा कर्मचारी किंवा घरातला जुना ग्रंथसंग्रह जपणारा वाचक ती आपल्या संगणकावर तशीच चालवू शकेल.